परत एकदा दाखवा

‘परत एकदा दाखवा’ असं म्हणणारी गिऱ्हाइकं त्याला मनापासून आवडत. बाकीची घाईत असत. चाचणीच्या जड, गोल फ्रेममध्ये तो एक भिंग सरकवी, ते काढून दुसरं सरकवी आणि वडिलांच्या वेळेपासून त्या दुकानात विचारला जाणारा प्रश्न विचारी : हे बरं, की मघाचं? घाईतली माणसं काहीतरी सांगून मोकळी होत. पण एखादं गिऱ्हाईक थांबे, भुवया वर करी, समोरच्या भिंतीवरची उजळलेली अक्षरं आता आपणहून काही बोलतील अशा आशेनं बघत राही आणि म्हणे, परत एकदा दाखवा. मग तो परत दाखवी. हे. आणि हे. दोन भिंगांतला फरक इतका थोडा असे की तो डोळ्यात आहे की मनात, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दुकानामागच्या त्या अरुंद, अंधाऱ्या खोलीत रस्त्यावरचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत. भिंगं ठेवायच्या लाकडी पेटीला आतून जुनी मखमल होती, तिचा एक कोंदट, गोडसर वास येई. अशा वेळी त्याला वाटे, आपलं बरं चाललं आहे. कुणाचं वाईट करत नाही, कुणावर आवाज चढवत नाही, माणसांना जरा बरं दिसतं आपल्यामुळे. आणखी काय असतं माणसाच्या आयुष्यात?

हे समाधान ढळवणारं वाक्य बाईंनी म्हटलं ते याच खोलीत. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या एक उंच, काटक शिक्षिका. गल्लीतली दाढीवाली माणसंसुद्धा त्यांना बाईच म्हणत. वर्षानुवर्षं त्या एकच ओरखडलेला चष्मा घेऊन येत, दांडीचा स्क्रू आवळून घेत, आणि नवा करा म्हटलं की म्हणत, ‘असू दे, हा माझ्याहून तरुण आहे.’ त्या दिवशी मात्र आपणहून खुर्चीत बसल्या. ‘काल मी टपालपेटीला नमस्कार केला,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तिनं उत्तर दिलं नाही म्हणून रागही आला. तेव्हा म्हटलं, आता पुरे.’ नवा चष्मा तयार झाला. त्यानं तो त्यांच्या कानांमागे नीट बसवला. बाईंनी आधी पंख्याकडे पाहिलं, ‘केवढी ही धूळ,’ म्हणाल्या. मग भिंतीकडे, आपल्या हातांकडे, आणि शेवटी त्याच्याकडे. बघतच राहिल्या.

‘टोचतोय का?’

‘नाही हो. छान आहे चष्मा.’ त्या जरा गोंधळल्या. ‘मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही हसता.’

त्यात टोमणा नव्हता. एखाद्या ओळखीच्या घराचा रंग आपण समजत होतो तो नाहीच, असं म्हणावं तसं त्या म्हणाल्या आणि छत्री उचलून गेल्या. तो काउंटरशी आला. चष्म्याच्या दुकानात आरसे सगळीकडे असतात, लांबट, गोल, काउंटरवर वाकलेले, खांबाला लावलेले. रोज सकाळी तो ते कागदानं पुसत असे, पण पुसणाऱ्याला आरशात डागच दिसतो. आता एकाच वेळी चार-पाच आरशांतून एक गृहस्थ त्याच्याकडे बघत होता. चेहरा वाईट नव्हता. रागीट नव्हता, दुःखीही नव्हता. रविवारी बंद असलेल्या दुकानाच्या फळीसारखा होता, मागे माल आहे की नाही ते सांगता येऊ नये असा. त्यानं ओठांचे कोपरे जरा उचलून पाहिले. आरशांतल्या सगळ्यांनी उचलले. ते दृश्य इतकं विचित्र होतं की त्यानं घाईनं कागद घेऊन आरसे पुन्हा पुसायला घेतले.

वडील आठवले. वडिलांचा चेहरा असाच होता का? त्याला त्यांचे हात आठवत, भिंगाच्या कडेला धरणारी दोन बोटं, नखात अडकलेली घासकामाची पांढरी भुकटी. त्यांनी त्याला कामाची पहिली शिकवण दिली होती ती ही, की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायचं नाही. भिंगात बघायचं. डोळ्यांत बघितलं की माणूस लाजतो आणि लाजला की खोटं सांगतो. ही शिकवण त्याच्या अंगात अशी मुरली होती की तो कुणाशीही बोलताना त्या माणसाच्या कपाळाशी किंवा कानाशी बोले. लोकांना ते सौम्य वाटे. लग्नाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, मुलगा मान वर करून बघत नाही, गुणी आहे. ‘गुणी’ हा शब्द तेव्हापासून एखाद्या जुन्या कोटासारखा त्याच्या अंगावर होता. आज पहिल्यांदाच त्यानं खिशात हात घालून पाहिला, आणि खिसा रिकामा लागला. आपण चांगले आहोत, की नुसते कटकट नसलेले आहोत?

घर दुकानाच्या मागेच होतं, मधे एक दार. संध्याकाळी तो आत गेला तेव्हा बायको चहा गाळत होती. ती सावकाश, एकतानपणे गाळत होती, जणू गाळणं हीच एक पूजा आहे. तिचं सगळंच असं झालं होतं अलीकडे. तिचे काही जुने नेम होते. सकाळी दिवा लावेपर्यंत बोलायचं नाही. दिवसातून एक काम कुणाला कळू न देता दुसऱ्यासाठी करायचं. आणि खोटं बोलायचं नाही. हा तिसरा नेम तिनं आईच्या शेवटच्या आजारात घेतला होता. याबद्दल ती कधी बोलत नसे. नेम हे सांगायचे नसतात, पाळायचे असतात, एवढंच एकदा म्हणाली होती. तिचं चालणंही आताशा मंद झालं होतं. भिंतीला बोटं टेकवत टेकवत ती स्वयंपाकघरातून देव्हाऱ्यापर्यंत जाई. त्याला तो मंदपणा नेमाधर्माचाच वाटे. माणूस आत स्थिरावला की असा हळू होत असेल.

‘मी हसतो का गं?’ त्यानं विचारलं.

‘म्हणजे?’

‘चेहऱ्यानं. बोलताना वगैरे.’

तिनं गाळणी बाजूला ठेवली. मान त्याच्या दिशेनं वळवली आणि त्याच्या कानाच्या जरा पलीकडे बघत म्हणाली, ‘मला तर तुम्ही हसतानाच दिसता.’

त्यानं कप घेतला. तिचं पहिलं बोट कपाच्या आत आकड्यासारखं वाकलेलं होतं, चहाला टेकून ओलं झालेलं. हेही अलीकडचं. एकदा तो म्हणालाही होता, ‘बोट बुडवू नकोस गं, बरं दिसत नाही.’ पुढे काही दिवस चहा अर्धाच कप येत असे. मग बोट पुन्हा आलं आणि त्यानंही सोडून दिलं. तिनं खोटं सांगितलेलं नाही, हे त्याला माहीत होतं. तरीसुद्धा त्या रात्री त्याला वाटत राहिलं की बाईंच्या डोळ्यांवर नवा चष्मा आहे आणि हिच्या डोळ्यांवर प्रेम.

शेजारच्या दुकानातला घड्याळजी बरीच वर्षं त्याच्या मागे लागला होता. घड्याळजी बुटका, गोल, सतत एका डोळ्याला भिंग लावलेला. भिंग काढलं तरी तो डोळा मोठाच राहिला आहे असं वाटे. आपल्या या शेजाऱ्याला तो थट्टेनं ‘डॉक्टर’ म्हणे. ‘डॉक्टर, या एकदा आमच्या बंधुमंडळात. तिथं माणूस उघडतात, पुसतात आणि परत लावून देतात. एखादा स्क्रू उरतो शेवटी, पण चालतो माणूस.’

‘तुमचा उरला होता का?’

‘माझे दोन. बायको म्हणते, त्यापासूनच बरा चालतो.’

आता तो आपणहून म्हणाला, येतो. घड्याळजीनं हातातलं घड्याळ खाली ठेवलं, भिंग कपाळावर सरकवलं आणि पहिल्यांदाच थट्टा न करता त्याच्याकडे पाहिलं.

बंधुमंडळाची खोली एका बेकरीच्या वर होती. जिना चढताना पावाचा वास बरोबर चढे, आणि वर गेल्यावर जमीन पायाखाली कोमट लागे. सगळे चपला-बूट दाराशी काढत, त्यामुळे ती ऊब थेट तळव्यांतून वर येई आणि माणसं बसल्या बसल्या मुलांसारखी सैलावत. खुर्च्या गोलात मांडलेल्या. मधे मोकळी जागा. पलीकडे एका टेबलावर पितळेचं एक वाडगं, त्यात पाणी. बस. त्याला वाटलं होतं काही गूढ असेल, पडदे, मेणबत्त्या. एकमेकांना ‘बंधू’ म्हणायचं आणि प्रमुखाला ‘थोरले’. थोरले म्हणजे बंदरावर वजनकाटा सांभाळून निवृत्त झालेला एक वाकलेला म्हातारा. बोलताना तो शब्द आधी तोंडातल्या तोंडात तोलून बघे. ‘आम्ही कुणाला चांगलं करत नाही,’ पहिल्या दिवशी थोरले म्हणाले. ‘माणूस चांगलाच येतो. त्याला ते वापरायची सवय नसते. ती लावायची.’

सवय लावायची म्हणजे आठवडे असत. राग न धरण्याचा आठवडा. स्वतःबद्दल न बोलण्याचा. ऐकून घेण्याचा. नवशिक्यानं हे आठवडे पाळायचे, येऊन सांगायचं, आणि पुरेसे झाले असं थोरल्यांना वाटलं की मग त्याची पट्टी होई. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला त्या गोलातून चालवत. ती पार पडली की माणूस बंधू झाला. त्याला हे बंधू होणं हवं होतं, इतकं की त्याची त्यालाच लाज वाटे. रात्री अंथरुणात तो कल्पना करी, कुणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगतंय, याला आम्ही आतून बघितलं, आत आहे. माल आहे.

घरी बायकोला या आठवड्यांची गंमत वाटे. ‘हा कसला?’ ती विचारी.

‘ऐकून घेण्याचा.’

‘मग मी थोडं बोलून घेते बाई.’ आणि खरंच बोले, भाजी निवडत, बोटांनी प्रत्येक शेंग चाचपून बघत. शेंगेतली कीड तिला बोटानंच कळे. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती, तिचे फोनवर निरोप येत. ‘वाचून दाखवा ना,’ ती म्हणे, ‘तुमच्या आवाजात बरं वाटतं.’ तो वाचून दाखवी आणि त्याला वाटे, आठवडे लागू पडताहेत, हिला माझा आवाज बरा वाटायला लागला. मग ती मुलीच्या लहानपणाकडे वळे, मुलगी दुकानात कशी झोपायची ते सांगे. तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती मुलीला मांडीवर घेऊन दुकानामागच्या खोलीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राही, मऊ कापडानं फ्रेमा पुसत. दिवसभर गिऱ्हाइकं अक्षरं वाचत. ट, प, र. मग खालची ओळ, म, ग, ल, न. मग त्याखालची. मोठ्यानं, चाचरत, चुकत, पुन्हा वाचत. मुलीला अंगाई लागत नसे. अक्षरांवरच ती झोपे.

त्यालाही ते दिवस आठवत. त्यांचा एक अवशेष उरला होता. वर्षातून एकदा दुकानाची मोठी साफसफाई होई, बायको मदतीला येई, आणि सगळं झालं की तो तिला गमतीनं खुर्चीत बसवी. ‘चला, वाच.’ ती पदरानं कपाळ पुसे, ताठ बसे आणि वरच्या भल्यामोठ्या अक्षरापासून थेट तळाच्या ओळीपर्यंत, जी मुंगीएवढी ओळ तरणीताठी मुलंसुद्धा डोळे बारीक करकरून वाचतात, तिथपर्यंत एका दमात वाचून टाकी. तो टाळी वाजवी. ‘घारीची नजर आहे घारीची. चष्मेवाल्याच्या घरात एक तरी माणूस असं हवं.’ आणि मग गिऱ्हाइकांना आठवडाभर सांगत बसे. त्यालाच ते विचारावंसं कधी वाटलं नाही, की तिच्या वयाच्या सगळ्यांची नजर उतरते, हिची कशी उतरत नाही. आपल्या घरातलं चांगलं माणसाला नवलाचं वाटत नाही, ते आपल्याला मिळायलाच हवं होतं असं वाटतं.

पट्टीचा दिवस ठरला. संध्याकाळी निघताना तो दाराशी थांबला. ‘आज ते करतील मला.’

‘काय करतील?’

‘बंधू.’

ती हसली. चाचपून त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, वरचं बटण लावलं आहे की नाही ते बोटानं बघितलं. ‘मग परत याल ते जरा वेगळे याल का?’

‘बघू. तूच सांग मग, हे बरं की मघाचं.’

‘मला दोन्ही चालतं हो,’ ती म्हणाली.

बेकरीत त्या दिवशी भट्टी जोरात असावी, वरची जमीन नेहमीपेक्षा गरम होती. सगळे जमले होते. घड्याळजीनं खिशातून करड्या कापडाची पट्टी काढली, तिची इस्त्री मोडू नये म्हणून घडी घालून आणली होती. ‘घट्ट झाली तर सांगा, डॉक्टर.’ कापडाला साबणाचा वास होता. मग काही दिसेनासं झालं.

आंधळं होणं म्हणजे काळोख असेल असं तो समजत होता, इतकी वर्षं डोळ्यांचं काम करून. पण काळोख नव्हता. एक करडा, दाट, सगळीकडून सारखाच असलेला उजेड होता, धुक्यासारखा, आणि त्यात माणसांचे श्वास जागोजाग ठेवल्यासारखे होते. घड्याळजीनं त्याचा हात धरून त्याला गोलातून फिरवलं. हात मऊ होता, तेलाचा वास असलेला. मग तो हात सुटला. रीतच होती ती, नेणाऱ्यानं मधेच सोडायचं. थोरल्यांचा आवाज आला, कुठून ते कळेना. ‘बंधू व्हायचंय ना? टेबलापर्यंत जा. वाडगं उचला. आणि मला पाणी आणून द्या. मला तहान लागली आहे.’

तो उभा राहिला. पाऊल टाकायला हवं हे कळत होतं, पण पायाला जमीन आहे की नाही याची खात्री पटेना. मग त्याचा डावा हात आपोआप बाजूला गेला आणि बोटांची टोकं खुर्चीच्या पाठीला लागली. बोटं टेकवत टेकवत तो पुढे सरकला. एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर. काहीतरी ओळखीचं होतं यात. त्यानं हे कधी केलं नव्हतं, पण पाहिलं होतं, रोज, कुठंतरी. कुणाचा तरी हात असा भिंतीवरून घसरत जाताना. स्वप्नात आपण दुसऱ्याच्या अंगात असतो आणि ते अंग कुणाचं ते आठवत नाही, तसं झालं. तो टेबलापर्यंत आला. पितळ गार लागलं. त्यानं वाडगं दोन्ही हातांनी उचललं, आणि आता पाणी किती वरपर्यंत आहे, तिरपं झालं तर सांडेल का, हे काही केल्या कळेना. तेव्हा त्याचं उजव्या हाताचं पहिलं बोट, त्यानं न सांगता, काठावरून आत गेलं, आकड्यासारखं वाकलं, आणि पाण्याला टेकून थांबलं.

तो तसाच उभा राहिला.

बोट बुडवू नकोस गं, बरं दिसत नाही. हे वाक्य खोलीत कुणी मोठ्यानं म्हटल्यासारखं ऐकू आलं. अर्धा कप चहा. भिंतीवरून घसरणारी बोटं. शेंगा चाचपणारी बोटं. तुमच्या आवाजात बरं वाटतं. कानाच्या पलीकडे बघणं, जे त्याला तिचा संकोच वाटलं होतं. संध्याकाळी बाहेर जायचं तिनं कधी सोडलं? मीठ-साखरेचे डबे वेगवेगळ्या आकारांचे कधी झाले? एकेक गोष्ट भिंगासारखी खाचेत सरकत होती आणि समोरचं हळूहळू स्पष्ट होत होतं, डोळ्यांवर पट्टी असताना. आणि ती घारीची नजर, तळाची ओळ. ट, प, र. म, ग, ल, न. मांडीवर झोपलेली मुलगी. अंगाई कुणी बघून म्हणतं का?

‘बंधू,’ थोरले हळूच म्हणाले, ‘थांबू नका. तहान लागली आहे.’

त्यानं वाडगं टेबलावर परत ठेवलं. चाचपून, आवाज न करता. आणि डोक्यामागची गाठ सोडली. खोलीत हालचाल झाली, खुर्च्या करकरल्या. पट्टी स्वतः काढायची नसते, तेवढं एकच त्याला आधी बजावून सांगितलं होतं. उजेड डोळ्यांत टोचला. गोलात बसलेली ती सगळी भली माणसं मोज्यांतले पाय जवळ घेऊन त्याच्याकडे बघत होती.

‘मला घरी जायला हवं,’ तो म्हणाला. ‘माझ्या बायकोला दिसत नाही.’

‘कधीपासून?’ घड्याळजीनं विचारलं.

‘मला माहीत नाही.’

थोरल्यांनी शब्द तोंडात तोलला. ‘ज्यानं पट्टी स्वतः काढली त्याला मंडळात घेता येत नाही. रीत आहे, मी बदलू शकत नाही.’ मग उठले, काठी नसल्यानं दोनतीन खुर्च्यांना धरत टेबलापर्यंत आले आणि वाडगं स्वतःच उचलून पाणी प्याले. तोंड पुसून म्हणाले, ‘जा. जिना जपून उतरा, डोळे अजून सरावले नसतील.’

रस्त्यात दिवे नुकते लागत होते. आकाश पुसट जांभळं होतं आणि दुकानांच्या काचांत ते जागोजाग साचलं होतं. तो भराभर चालला, मग त्याला वाटलं आपण फार भराभर चालतोय, आणि हळू चालला. वाईट वाटायला हवं होतं, मंडळ हुकल्याचं. त्याऐवजी सगळं विरघळत चालल्यासारखं, हलकं आणि भयंकर वाटत होतं. समोरून येणाऱ्या माणसांचे चेहरे तो बघत होता. कपाळं नव्हे, कान नव्हेत. डोळे. किती तऱ्हेचे होते. एक बाई दचकून बाजूला झाली.

बायको खिडकीशी बसली होती, हात मांडीत. दिवा तिनं लावला नव्हता. तिला लागत नसणार, हे त्याला आत्ता कळलं.

‘लवकर आलात? पावलं तुमचीच, पण घाईची.’

‘अगं, जरा दुकानात येतेस?’

‘आत्ता? साफसफाई तर झाली मागेच.’

पण ती उठली, दाराच्या चौकटीला बोटं लावून आत आली. त्यानं तिला खुर्चीत बसवलं. त्याचा हात अक्षरांच्या पेटीमागच्या बटणाकडे गेला आणि बटणावरच थांबला. पेटीतला दिवा लावलेला नव्हता. भिंतीवर नुसता एक काळा चौकोन होता. आणि तेवढ्यात, इतक्या वर्षांच्या सवयीनं, त्याच्या तोंडून शब्द निघून गेला. ‘वाच.’

ती ताठ बसली. पदरानं कपाळ पुसलं. आणि त्या काळ्या चौकोनाकडे तोंड करून वाचू लागली. ट, प, र. म, ग, ल, न. आवाज हळू हळू खाली उतरत गेला, ओळी बारीक होत जातात तसा. शेवटची ओळ तिनं जवळजवळ कुजबुजत म्हटली, मूल जागं होऊ नये इतकी जपून. त्यानं तिला अडवलं नाही. सगळं म्हणून झालं तेव्हा खोलीत मखमलीचा तो वास होता आणि बाहेरून, पाण्याखालून आल्यासारखा, कुणाच्या तरी सायकलच्या घंटीचा आवाज.

‘आज टाळी नाही?’ ती म्हणाली.

‘दिसतं का तुला?’

‘नाही,’ ती म्हणाली.

‘तू खोटं बोलत नाहीस.’

‘बोलले नाही मी. तुम्ही “वाच” म्हणायचात, मी म्हणून दाखवायचे. “दिसतं का” असं तुम्ही आजच विचारलंत.’ आणि पुढे म्हणाली, ‘तरी देवापुढे रोज टोचायचं ते. मोडलाच असेल नेम. पण तुम्ही किती खूश व्हायचात हो. वर्षातून एकदा. टाळी वाजवायचात. ते कसं काढून घेऊ तुमच्याकडून?’

त्यानं खणातला लहान टॉर्च काढला, तिच्यासमोर स्टुलावर बसला. मुलीला मांडीवर घेऊन ती बसायची तेच स्टूल. वडिलांची शिकवण क्षणभर मानेशी आली आणि गेली. त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बाहुल्यांत धुकं होतं, पांढुरकं, दुधात पाणी घातल्यासारखं. टॉर्चही लागला नसता. दिवसाउजेडी, चहा घेताना, समोरून नुसतं बघितलं असतं तरी दिसलं असतं. गल्लीतल्या दहा माणसांना त्यानं नुसत्या नजरेनं ओळखून दवाखान्यात पाठवलं होतं.

‘मोतीबिंदू आहे,’ तो म्हणाला. ‘निघतो तो. उद्याच जाऊ. आधी एक डोळा, मग दुसरा. दिसेल तुला.’

‘सगळं?’

‘सगळं.’

‘पंख्यावरची धूळसुद्धा?’ ती म्हणाली आणि हसली. बाईंचं ते बोलणं त्यानं तिला कधीतरी सांगितलं होतं. फक्त तेवढंच, पुढचं नाही.

‘माझा चेहरा तुला कसा दिसतो आत्ता?’

‘आत्ताचा नाही दिसत. आधीचा दिसतो.’ तिनं हात पुढे केला, हवेत जरा चुकला, मग त्याच्या गालाला लागला. ‘दुकानात मी पहिल्यांदा आले त्या दिवशीचा. तुम्ही पेटी उघडून एकेक भिंग मला दाखवत होता. हसत होता.’

त्याला तो दिवस आठवेना. आठवत होती ती फक्त पेटी. पण हिनं तो जपून ठेवला होता, इतकी वर्षं, धुक्यात, आणि रोज त्याच्या अंगावर घातला होता. काही आठवड्यांनी डोळ्यांवरची पट्टी निघेल. ती आधी पंख्याकडे बघेल, मग आपल्या हातांकडे, आणि मग त्याच्याकडे. तोवर जेवढे दिवस आहेत तेवढेच आहेत. या आठवड्यांना कुणी नाव देणार नव्हतं, येऊन सांगायलाही कुणी थोरले नव्हते.

त्यानं ओठांचे कोपरे उचलून पाहिले. आरसा नव्हता. गाल जड होते, न वापरलेल्या दारासारखे. तिची बोटं गालावर थांबली होती, शेंग चाचपताना थांबत तशी, आत काय आहे ते कळेपर्यंत.

‘काय करताय?’

‘काही नाही.’ मग तोही खोटं बोलायचं नाही असं ठरवून म्हणाला, ‘हसून बघतोय.’

तिची बोटं जरा पुढे सरकली, ओठाच्या कोपऱ्याशी आली.

‘हे बरं,’ त्यानं विचारलं, ‘की मघाचं?’

तिनं भुवया वर केल्या. घाई नव्हती तिला. मान किंचित तिरपी करून, त्याच्याच चेहऱ्याकडे, या वेळी अगदी नेमकं त्याच्याच चेहऱ्याकडे तोंड करून, ती विचार करत राहिली.

‘परत एकदा दाखवा,’ ती म्हणाली.